अंगठ्याची लाल टोपी

माझे सासरे रंगारी. एक्केचाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या भिंती रंगवल्या, पण एकाही भिंतीला पहिल्या फटक्यात पास केलं नाही. रंगाचा एक थर म्हणजे त्यांच्या भाषेत एक हात. घरमालक खूश होऊन म्हणायचा, "वा, काय झकास दिसतंय!" आणि हे शिडीवरूनच मान तिरकी करून म्हणायचे, "बरं आहे. पण दुसरा हात लागेल." या एका वाक्यापायी बाजारात त्यांचं नाव 'दुसरा हात' पडलं. रंगाच्या दुकानात कोणी चांगला माणूस विचारला, तर दुकानदार सांगायचा, "दुसऱ्या हाताला बोलवा. वेळ लावील, पण भिंत बघत बसाल."

हे वाक्य ते भिंतींपुरतं ठेवत असते तर एक वेळ चाललं असतं. चहाला दुसरा हात लागायचा, न्हाव्याने केलेल्या दाढीला लागायचा, नातीच्या चित्रकलेच्या वहीतल्या हत्तीलाही लागायचा. त्यांच्या मुलीला मागणी घालायला मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी माझी खुर्ची खिडकीशी ओढली, मला उजेडात नीट बघून घेतलं, आणि मी गेल्यावर सासूबाईंना सांगितलं, "बरा आहे. पण दुसरा हात लागेल." सासूबाईंनी ही गोष्ट मला लग्नानंतर हसत हसत सांगितली. त्याला आता बारा वर्षं झाली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, चारचौघांत मला मान आहे, आणि तरीही ते वाक्य मला अजून टोचतं. खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी सांगितलं की हात डोक्याच्या वर न्यायचा नाही, छतं रंगवायची तर नाहीच नाही. छत सोडून काम करणारा रंगारी कोण बोलावणार? ते घरी बसले. पहिला महिना त्यांनी घरातल्या स्टुलावर काढला. म्हणजे स्टुलावर बसून नव्हे, स्टुलाला रंग देऊन. चार वेळा. घरात येणारा प्रत्येक पाहुणा त्या महिन्यात पाठीमागून हिरवा होऊन परत गेला. मग कुंड्या झाल्या, कुकरचा दांडा झाला, दाराची कडी झाली. सासूबाई मला फोनवर म्हणाल्या, "मी एका जागी जास्त वेळ उभीच राहत नाही हो. नेम नाही यांचा."

तोवर हसण्यावारी गेलं. पण पुढे त्यांनी डबे बंद केले आणि खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे बसून असायचे. आणि एक दिवस सासूबाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज हसरा नव्हता. "आज चहा दिला, तर नुसतं 'बरा आहे' म्हणाले. पुढचं बोललेच नाहीत. चार दिवस झाले, पुढचं बोलतच नाहीत." मी फोन ठेवला. त्या वाक्यावर मी बारा वर्षं चिडत होतो, आणि आता ते ऐकू येत नाही म्हणून मला झोप लागेना.

म्हणून मी विजेवर चालणारं स्प्रे मशीन आणलं. बादलीत नळी सोडायची, बटण दाबायचं, आतला पंप रंग ओढून घेतो आणि लांब पाइपातून हातातल्या गनकडे ढकलतो. गनला छातीपर्यंत येईल एवढी लांब दांडी लावता येते, त्यामुळे हात खांद्याच्या वर न नेता छत रंगवता येतं. खांदा वाचतो, काम वाचतं, माणूस वाचतो, असा माझा साधा हिशेब होता. मशीनबरोबर आलेली पुस्तिका मी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचताना पेन्सिलीने खुणा केल्या. सासऱ्यांनी ती उघडलीही नाही. "यात रंग कुठेय?" एवढंच विचारून त्यांनी ती खिडकी खडखडू नये म्हणून फटीत खोचली.

सराव मागच्या अंगणात सुरू झाला. एक जुना दरवाजा भिंतीला टेकवून ठेवला. चाळीस वर्षं ब्रश मारलेल्या माणसाचा हात मनगटातून फिरतो, मध्ये जवळ आणि टोकांना लांब. स्प्रेला ते चालत नाही. गन दरवाजापासून फूटभर अंतरावर ठेवायची आणि सगळा हात सरळ रेषेत न्यायचा, नाही तर मध्ये रंगाचे ओघळ आणि कडेला नुसता धुरळा. हात आधी हलवायचा, मग चाप दाबायचा. चाप आधी सोडायचा, मग हात थांबवायचा. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, दरवाजाला वारा काय घालताय? उकडतंय का त्याला?"

"तू आत जा गं," सासरे म्हणाले. पण दहाव्या पट्ट्याला हात सरळ चालला. अकराव्याला त्यांचा चेहरा थोडा सैल पडला. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात त्यांनी गन खाली घेतली आणि उजव्या अंगठ्याने तिचं नॉझल, म्हणजे रंग बाहेर पडतो ते बारीक तोंड, झटकन पुसलं.

ही त्यांची जन्माची सवय. ब्रश डब्यात बुडवला की भिंतीला लावायच्या आधी त्याच्या टोकावरून अंगठा फिरवायचा. त्याला ते 'नाक पुसणं' म्हणत. दिवसातून हजार वेळा, एक्केचाळीस वर्षं. त्या अंगठ्याला ब्रश कुठला आणि गन कुठली हे कळायचं काही कारणच नव्हतं. चापावर त्यांचं बोट नव्हतं म्हणून त्या दिवशी काही झालं नाही. पण मी जो ओरडलो, त्याने शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई आत पळाली.

मग मी जे सांगितलं ते सासूबाईंनीही ऐकलं. या पंपाचा जोर इतका असतो की नॉझलसमोर बोट आलं तर रंग कातडी फोडून आत शिरतो. बाहेरून सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, माणूस पाण्याने धुऊन कामाला लागतो, आणि आत रंग बोटभर पसरलेला असतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जातं. त्यामुळे ठिपका कितीही लहान असो, तडक दवाखान्यात जायचं आणि काय घडलं ते डॉक्टरांना नीट सांगायचं. आणि सगळ्यात कपटी गोष्ट म्हणजे, चाप सोडला की मशीन गप्प बसतं. गप्प बसलं म्हणजे बंद झालं असं नाही. पाइपात सगळा जोर तसाच दबा धरून असतो.

सासूबाई बाहेर आल्या. पदराला हात पुसत त्यांनी आधी मशीनकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या अंगठ्याकडे. "ऐका," त्या म्हणाल्या. "एकदाही, कोणाचंही बोट याच्या तोंडासमोर गेलं, तर हे मशीन त्याच दिवशी घराबाहेर. मग खुर्ची आहे आणि भिंत आहे. खांदा गेला तेवढा पुरे झाला." सासूबाई बोलल्या की त्या घरात अपील नसतं, हे सासऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त वर्षं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी लाल कापडाची एक टोपी शिवली. अंगठ्याएवढी, मनगटाला बांधायला नाडी. टोपी दिसली की अंगठ्याला आठवण राहील, असा त्यांचा विचार. सासऱ्यांनी ती घातली आणि आरशासमोर जाऊन अंगठा उभा धरून पाहिला. "हिच्यापेक्षा लग्नातली माझी टोपी बरी बसली होती," ते म्हणाले. शिवाय रोज संध्याकाळी दारात तपासणी. सासूबाई दार अडवून उभ्या राहायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "हात." सासरे दहाही बोटं पसरायचे. त्या उलटीपालटी करून बघायच्या, एकेका पेरावर नजर फिरवायच्या, आणि मगच चहाचं आधण चढायचं.

उरलेली जबाबदारी मी घेतली, न सांगता. मी मास्तर आहे. समोर माणूस दिसला की मला समजावून सांगायची खाज सुटते. सुट्टीचे दिवस होते, मी रोज त्यांच्याबरोबर जायचो आणि डोळ्यांत तेल घालून त्या अंगठ्याकडे बघायचो. आणि शिकवायचो. "बाबा, हे असं कधीच करायचं नाही, बरं का," असं म्हणून मी माझा अंगठा हवेत नॉझलवरून फिरवून दाखवायचो. सकाळी दाखवायचो, जेवणाआधी दाखवायचो. कामाच्या जागी कोणी बघायला आलं तर त्यालाही दाखवायचो. "हे असं कधीच नाही!" आणि अंगठा झटकन फिरवायचा.

याचा सासऱ्यांवर काय परिणाम व्हायचा? मी बोलायला लागलो की ते उठून जायचे. अगदी हमखास. माझं पहिलं वाक्य पुरं होण्याआधी ते गन माझ्यासमोरच ठेवून द्यायचे, मशीनपाशी जाऊन काहीतरी खुडबुड करायचे, मग भिंतीकडे जायचे आणि पाठ करून उभे राहायचे. मला राग यायचा. वर्गातली मुलं निदान ऐकल्याचं सोंग तरी करतात.

मात्र एक कबूल करतो. मशीन त्यांनी आपलंसं केलं, आणि माझ्या पुस्तिकेच्या मदतीशिवाय केलं. रंग जुन्या मलमलीच्या कापडातून गाळल्याशिवाय ते बादलीत ओतत नसत. "कण गेला की याला ठसका लागतो" म्हणायचे. खोलीच्या खिडक्या उघडायच्या, जमिनीवर कागद अंथरायचा, चष्मा आणि तोंडावर गाळणीचा मास्क चढवायचा, मग तीन पिनांचा प्लग कोरड्या हाताने लावायचा. काम थांबलं की बटण बंद, प्लग बाहेर, मग पंपाची चावी फिरवून आणि गनचा चाप रिकाम्या बादलीत दाबून सगळा जोर काढून टाकायचा. तेव्हा फुस्स असा आवाज यायचा. त्याला ते 'सुस्कारा' म्हणत. "दिवसभर राबलंय. सुस्कारा टाकू दे त्याला." शेवटी चापाला अडसर लावायचा. आणि संध्याकाळी स्वच्छ पाणी पंपातून सोडत राहायचं, बाहेर पडणारं पाणी पिण्यासारखं दिसेपर्यंत. त्यांनी ब्रश कधी न धुता ठेवला नव्हता, मग मशीनवर अन्याय कसा करतील?

असं सगळं जमलं होतं. पण काम संपलं की ते मान तिरकी करून बघायचे आणि गप्प राहायचे. ते वाक्य काही परत आलं नव्हतं. मी रोज कान लावून बसायचो.

मग वाचनालयाचं काम आलं. मोठी वाचनाची खोली, उंच छत, सात वर्षांच्या धुळीने करडं पडलेलं. खांदा गेल्यावर मिळालेलं हे पहिलं मोठं छत, आणि सासरे आदल्या दिवसापासूनच दाढी खाजवत होते. तिथल्या ग्रंथपाल बाई आयुष्यभर कुजबुजत आलेल्या होत्या. सगळी कपाटं प्लास्टिकने झाकून झाली, वाचकांना सुट्टी दिली, खोलीत आम्ही तिघंच, तरी त्या कानाशी येऊन म्हणायच्या, "आवाज फार होणार नाही ना?" मशीन सुरू झालं तेव्हा त्यांनी नकळत ओठांवर बोट ठेवून मशीनला "शू" केलं.

मशीनने ऐकलं नाही. पण सासऱ्यांचा हात छातीपाशी राहून दांडी सरळ रेषेत चालवत होता आणि छतावर एकामागून एक पांढरा पट्टा उमटत होता, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढलेला. बाई कुजबुजायचं विसरून वर बघत राहिल्या. मीही बघत राहिलो. सात महिने भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस आता छताकडे तोंड करून उभा होता, आणि मास्कमधून त्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मला फार बरं वाटलं.

पाऊण छत झाल्यावर ते थांबले. रंग संपत आला होता. बाई जवळ आल्या आणि मला म्हणाल्या, "हे चालतं कसं हो?"

झालं. मला एवढंच पुरे असतं. मी त्यांना पंपापासून सुरुवात करून सांगायला लागलो. सासरे नेहमीप्रमाणे उठले, गन माझ्यापाशी टेबलावर ठेवली, मशीनपाशी गेले, खुडबुड केली, आणि नवा डबा गाळायला बाहेरच्या ओट्यावर निघून गेले. मी हवेचा दाब समजावला, पाण्याचा दाब समजावला, रंगाचे कण कसे फुटतात ते समजावलं. बाई मान हलवत होत्या. मी टेबलावरची गन उचलली. नॉझलच्या तोंडावर अर्धवट वाळलेल्या रंगाची एक पापडी चिकटली होती. आणि "धोका काय आहे सांगतो बाई," असं म्हणत मी उजव्या हाताचा अंगठा नॉझलवरून झटकन फिरवला.

हवेत नव्हे. नॉझलवरून. दुसऱ्या हाताचं बोट चापावर होतं, आणि मी तो दाबलाही होता.

महिनाभर दिवसातून वीस वेळा मी 'असं करायचं नाही' म्हणून जी हालचाल करत होतो, ती माझ्या अंगठ्याने पाठ केली होती. 'नाही' हा शब्द त्याला कुठून कळणार? मी अंगठ्याकडे पाहिलं. पेरावर पांढरा डाग होता. मशीन गप्प होतं, पण गप्प म्हणजे बंद नव्हे, हे मीच तर जगाला सांगत फिरत होतो. डागाखाली सुईएवढं भोक आहे का? मला बघायचा धीर होईना. मी प्लास्टिकने झाकलेल्या कपाटाला टेकलो. बाई आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्या, "अहो रंगारी! इकडे या!"

सासरे गाळायचं कापड हातात घेऊनच आले. त्यांनी माझा अंगठा धरला, ओल्या कापडाने पुसला आणि खिडकीच्या उजेडात नेला, बारा वर्षांपूर्वी मला नेलं होतं तसाच. उलटा बघितला, सुलटा बघितला. कातडी धड होती.

"चाप दाबला मी," मी कसाबसा म्हणालो.

"दाबून बघा परत."

मी गनकडे पाहिलं. चापाला अडसर लावलेला होता. तो हललाच नव्हता. मग माझी नजर पाइपावरून मशीनकडे गेली. पंपाची चावी सुस्काऱ्याच्या बाजूला फिरवलेली होती. आणि प्लग भिंतीतून काढून, वायरीची व्यवस्थित गुंडाळी करून, खुर्चीवर ठेवलेला होता.

"तुम्ही कधी काढलात?"

"तुमचं भाषण सुरू झालं तेव्हा," सासरे म्हणाले. "रोजच काढतो."

"रोज?"

"जावईबापू, माझा अंगठा तर महिन्यापूर्वीच सुधारला हो. टोपी आहे, बायको आहे, तुम्ही आहात. मी तुमचा अंगठा बघत होतो. आधी हवेत वीतभर लांबून फिरायचा. मग चार बोटांवर आला. गेल्या आठवड्यात दोन बोटं. म्हटलं, आज ना उद्या टेकणार हा. म्हणून तुम्ही तोंड उघडलंत की मी आधी अडसर लावतो, मग प्लग काढतो, मग सुस्कारा. मग बोला म्हणावं पाहिजे तितकं."

मी ज्याला पाठ फिरवणं समजत होतो, ते हे होतं. मला इतकी लाज वाटली आणि त्याच वेळी त्यांच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं, की मी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. बाई कुजबुजल्या, "पाणी आणू का?"

उरलेलं छत त्यांनी पुरं केलं. मी एका स्टुलावर हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

घरी निघालो तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. 'कोणाचंही बोट', असं सासूबाई म्हणाल्या होत्या. अंगठ्याच्या नखाच्या कडेला पांढरा रंग अडकून राहिला होता. वाटेत मी विचारलं, "बाबा, सांगायचं का?" ते म्हणाले, "तिच्यापासून लपवून तुम्ही बघितलंय का कधी? मी बघितलंय." गल्लीच्या वळणावर त्यांनी मशीनचा दांडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि मुठीत घट्ट धरला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "हात."

सासऱ्यांनी दहा बोटं पसरली. सगळी स्वच्छ. त्या बाजूला होणार, तोच मी खिशातून हात काढून त्यांच्यासमोर धरला. "आई, माझं बोट गेलं समोर. चूक सगळी माझी आहे. मशीन काढू नका."

सासूबाईंनी माझा अंगठा धरून पाहिला. मग नवऱ्याकडे न बघता विचारलं, "प्लग?"

"काढलेला," सासरे म्हणाले.

"सुस्कारा?"

"सोडलेला."

"कोणी?"

मीच बोललो, "बाबांनी. महिनाभर रोज."

आम्ही दोघे मोठे पुरुष पायरीवर शिक्षा ऐकायला उभे असल्यासारखे ताटकळलो होतो, आणि सासऱ्यांची नजर बाहेरूनच त्या भिंतीजवळच्या खुर्चीवर खिळली होती. मग सासूबाईंनी नवऱ्याच्या मनगटावरची नाडी सोडली, लाल टोपी काढली, माझ्या अंगठ्यावर चढवली आणि गाठ मारली. चांगली घट्ट, दोनदा.

"मशीन आत घ्या," त्या म्हणाल्या. "दारात पाय अडकतो."

सासऱ्यांनी मशीन आत घेतलं. मग भिंतीपाशी गेले, ती खुर्ची उचलली आणि फिरवून खोलीकडे तोंड करून ठेवली. तिच्यात बसून त्यांनी पाय लांब केले. सासूबाई चहाचं आधण ठेवायला आत वळल्या होत्या.

"छत बरं झालंय आज," ते मान तिरकी करून म्हणाले. आत भांड्याचा आवाज थांबला.

"पण दुसरा हात लागेल. जावईबापू, उद्या नऊला तयार राहा."

सासूबाई बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि चहात साखर टाकायची राहून गेली होती. आम्ही दोघांनी तो तसाच संपवला.